कब्स हरले तर चालेल, कब्सवाल्यांना कोणीतरी आवरा

निळीटोपी | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:०५

काल रात्री मिलवॉकीत आमची शिकागोची बेसबॉल टीम, कब्स, तिथल्या ब्रुअर्सकडून ३-१ हरली, सीझन संपला. वाईट वाटतंय, पण रडगाणं गायला हा धागा काढलेला नाही. १९०८ नंतर एकदम २०१६ मध्ये वर्ल्ड सीरिज (बेसबॉलची फायनल) जिंकणाऱ्या टीमच्या माणसाला हरण्याचं काय नवल? वैताग आलाय तो आमच्याच लोकांचा. बेसबॉल कळत नसेल तरी वाचा. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना कुठे कळतो.

मी शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो, वीसेक वर्षं झाली. आठ-दहा मराठी घरांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर कढीपत्त्याचं रोप कुणाकडे आहे, भारतात कोण चाललंय, बॅगेत जागा आहे का, एवढंच चालतं. कब्स प्लेऑफमध्ये गेले की मात्र सगळ्यांच्या अंगात येतं.

६ तारखेला, सोमवारी, कोजागिरी आणि ब्रुअर्सविरुद्धची दुसरी मॅच एकाच रात्री आली. पहिली आम्ही ९-३ हरलो होतो. सगळे आमच्याकडे जमले. मसाला दूध आटतंय, चंद्र बिचारा बाहेर एकटा, आणि आम्ही टीव्हीपुढे. पहिल्याच इनिंगमध्ये आमच्या सुझुकीने तीन रनांचा होमरन ठोकला. घर डोक्यावर घेतलं. मग ब्रुअर्स बॅटिंगला आले, दोघे बेसवर, समोर वॉन. तेवढ्यात एक मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. मुलगी म्हणजे आमच्या एका मित्राची बायको, लग्न होऊन मार्चमध्ये कोल्हापूरहून आलेली. दूध उतू जाईल म्हणून उठली बिचारी. इकडे वॉनने तीन रनांचा होमरन मारला. ३-३.

"तू उठलीस ना!"

आधी सगळे हसले. चौथ्या इनिंगमध्ये त्यांच्या चोरिओने आणखी एक तीन रनांचा मारला तेव्हा ती सोफ्यावरच बसून होती, हे मी सगळ्यांना दाखवून दिलं. त्यावर आमचे एक काका म्हणाले, "एकदा मोडलेली घडी परत बसते का?" ७-३ हरलो.

पुढची मॅच बुधवारी, रिग्लीवर, म्हणजे आमच्या मैदानावर. ग्रुपवर ठरलं की आपापल्या घरी बघू. आणि तिच्या नवऱ्याला वेगळा मेसेज गेला की वहिनींना मॅचच्या वेळी टीव्हीपुढे बसवू नकोस. कब्स ४-३ जिंकले. गुरुवारी पुन्हा तोच मेसेज, आणि ६-० जिंकले. झालं! पुरावाच मिळाला. काल पाचवी मॅच. सकाळी त्या मुलीने ग्रुपवर "ऑल द बेस्ट कब्स" लिहून निळं बदाम टाकलं. रात्री हरल्यावर तिच्या त्या सकाळच्या मेसेजला तिघांनी नुसते हात जोडून दाखवले. आज दुपारी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

हे झालं घरातलं. बाहेरचं ऐका. आमच्या लोकांना मॅनेजर काउन्सेलला हाकलायचंय, कारण तो मूळचा मिलवॉकीकडचा, म्हणून "आतून त्यांचाच". ९२ मॅच जिंकून दिल्या त्याने यंदा! टकरला ऑगस्टमध्ये आपल्याच मैदानावर हुर्यो केली. नंतर कळलं की जूनपासून त्याच्या हाताचं हाड बारीक तडकलेलं होतं. कुणी शरमला का? "मग आधी सांगायचं ना" म्हणे. क्रो-आर्मस्ट्राँग जुलैत देव होता, सप्टेंबरात "चांगला भाव येतोय तोवर विका". तीस होमरन आणि तीस स्टील (पळून चोरलेले बेस) एकाच सीझनमध्ये केलेला पोरगा हो!

कार्डिनल्ससारख्या वैरी टीमवाल्याने डिवचलं तर भांडता येतं. आपल्याच माणसांचं काय करायचं? तुमच्या टीमचे लोक असेच आहेत का?

----

सॉक्सवाली | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३१

आमच्याकडे, म्हणजे शिकागोच्याच व्हाइट सॉक्सकडे, ही अडचणच नाही. २०२४ मध्ये १२१ मॅच हरल्यावर चाहतेच उरले नाहीत, आचरट कुठून आणू?

बाकी तो वॉन मूळचा आमचा. याच जूनमध्ये आम्ही त्याला ब्रुअर्सना देऊन टाकला. तेव्हा काकांना सांगा, घडी त्या मुलीने मोडली नाही, आमच्या मॅनेजमेंटने मोडली.

----

वांद्रे_पूर्व | १३ ऑक्टोबर, सकाळी (भारतीय वेळ)

बेसबॉलमधलं शून्य कळतं, पण हा रोग ओळखीचा आहे. २००६ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धच्या टेस्टला मी वानखेडेवर होतो. सचिन एका रनवर आउट होऊन परत येत होता आणि स्टँडमधून हुर्यो सुरू झाली. सचिनला! वानखेडेवर! माझ्या शेजारचा माणूस तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होता, अंगात टीशर्ट सचिनच्याच नावाचा.

आणि हार्दिकचं तर ताजंच आहे. रोहितच्या जागी मुंबईचा कॅप्टन झाला म्हणून २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईच्याच लोकांनी त्याला टॉसला बोलू दिलं नाही, मांजरेकरला माइकवरून "नीट वागा" सांगावं लागलं. एप्रिलची गोष्ट. जूनमध्ये वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर त्याने टाकली, आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच लोकांनी "हार्दिक, हार्दिक" करून घसा फोडला. एप्रिलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

----

मी_फक्त_वाचते | १३ ऑक्टोबर, सकाळी (भारतीय वेळ)

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. होमरन म्हणजे सिक्सरच ना?

२०११ च्या फायनलला मी बाथरूममधून बाहेर येत होते तेव्हा धोनीने चौकार मारला. बाबांनी मला तिथेच, दारात, मॅच संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. लाद्या ओल्या, पाय गार पडलेले. जिंकल्यावर सगळे नाचायला रस्त्यावर गेले, मला "आता हल" सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एक विचारू का? त्या दोन इनिंगांच्या मध्ये काका किती वेळा उठले होते? आमच्या घरी तरी बाबा आणि दादा प्रत्येक ओव्हरला उठायचे, त्याने कधी विकेट पडली नाही.

----

वांद्रे_पूर्व | १३ ऑक्टोबर, सकाळी (भारतीय वेळ)

दंडवत ताई. यावर काका काय बोलणार.

----

जुना_आयआयटीवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आमची आयआयटी म्हणजे शिकागोची, इलिनॉय इन्स्टिट्यूट. (गावाकडे बरीच वर्षं मी पवईलाच शिकतो असा समज होता, मीही फारसा मोडला नाही.) कॉलेज सॉक्सच्या स्टेडियमच्या बाजूला, पण रूममेटमुळे कब्सच्या नादी लागलो. १४ ऑक्टोबर २००३ च्या रात्री आम्ही रिग्लीबाहेरच्या गर्दीत होतो. तिकीट कुठलं परवडायला, रेड लाइनने ॲडिसनला उतरून रस्त्यावर उभे. लोक रेडिओ कानाला लावून.

निळीटोपींना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो. मार्लिन्सविरुद्ध सहावी मॅच, ही जिंकली की १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज. आठवी इनिंग, आम्ही ३-० पुढे, फक्त पाच आउट हवेत. डाव्या बाजूला एक फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला) उडाला. आमचा अलू भिंतीला टेकून झेलायला वर झेपावला, आणि त्याच वेळी पहिल्या रांगेतल्या चार-पाच प्रेक्षकांनीही हात वर केले. त्यातल्या एकाच्या हाताला बॉल लागला. कानात हेडफोन, डोक्यावर कब्सची टोपी. लहानपणापासूनचा कब्सवाला.

अलू चिडला, हातवारे केले. एवढंच! कॅच होताच असं नाही, आणि झाला असता तरी एकच आउट. त्यानंतर काय झालं ते बघा. आमच्या पिचरने वॉक दिला, म्हणजे बॅटरला फुकट बेस. हिट गेला. मग आमच्या शॉर्टस्टॉप फील्डरकडे जमिनीवरून सरळ, सोपा बॉल आला, दोन आउट मिळाले असते असा, आणि तो त्याच्या हातून सुटला. एका इनिंगमध्ये आठ रन. ८-३ हरलो. पुढच्या रात्री सातवी मॅच होती, तीही आमच्याच मैदानावर. त्यात ५-३ पुढे असूनही ९-६ हरलो. त्या रात्री तो माणूस स्टेडियममध्ये नव्हताच.

पण शिक्षा कुणाला? त्यालाच. लोकांनी त्याच्या अंगावर बिअर फेकली, डोक्यावर जाकीट टाकून सिक्युरिटीला त्याला बाहेर काढावं लागलं. त्याचं नाव-गाव पेपरात आलं, घराबाहेर पोलीस बसवावे लागले. त्याने जाहीर माफी मागितली आणि नंतर तो गप्पच राहिला. जाहिराती, मुलाखती, सगळ्याला नाही म्हणाला.

आम्ही त्या रात्री ट्रेनने परत येत होतो. आमच्या डब्यात एक आजोबा रडत होते आणि शेजारचा पोरगा ओरडत होता की त्या माणसाला शोधून काढू. मीही ओरडलो असणार. आठवत नाही म्हणणं सोयीचं आहे.

----

मधला_खड्डा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

त्याचं नाव [संपादित]. त्याचं नाव माहीत नसलेला माणूस शिकागोत नसेल, त्यात काय लपवायचं?

----

संपादक मंडळ | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

नाव काढलं आहे. ज्याला बावीस वर्षं शांतपणे जगायचंय त्याला या धाग्यापुरतं तरी जगू द्या.

----

जुना_आयआयटीवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

संपादकांचे आभार. राहिलेली गंमत सांगतो. तो बॉल लिलावात १,१३,८२४ डॉलरला विकला गेला, एका रेस्टॉरंटच्या माणसाने घेतला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये समारंभ करून, टीव्हीवर, स्फोटकं लावून उडवला. इथवर ठीक. पुढच्या वर्षी त्या बॉलचे राहिलेले अवशेष उकळले, वाफ धरली आणि ती पास्त्याच्या सॉसमध्ये घातली. लोकांनी रांगा लावून खाल्ला. अंगारे-धुपारे म्हणून आपण गावच्या आज्जीला हसतो.

----

सॉक्सवाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मांजर आडवं गेलं म्हणणारी आमची सासू यापेक्षा बरी. आणि बोकड विसरलात का? १९४५ मध्ये एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाने आपला बोकड वर्ल्ड सीरिज बघायला आणला, बोकडाला हाकललं, म्हणून त्याने शाप दिला! २०१६ पर्यंत शिकलीसवरलेली माणसं हे तोंड वर करून सांगत. आम्ही २००५ मध्ये ८८ वर्षांनी जिंकलो, आमच्याकडे कुठलंही जनावर लागलं नाही. ते जिंकलेलंही कुणाच्या लक्षात नाही, हा भाग वेगळा.

----

तिरपा_डोळा | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

सगळे समंजस होऊन बसलेत म्हणून जरा उलटं बोलतो. चाहता डोक्याने चालायला लागला तर तो चाहता कसला? १०८ वर्षं न जिंकणाऱ्या टीमच्या मागे तीन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या, हे काय हिशेब करून? २०१६ मध्ये जिंकल्यावर लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या आई-बापांची, आज्यांची नावं लिहीत होते. हात पोचेल तिथवर भिंत भरली होती. मी तिथे गेलो होतो. माझ्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने बापाचं नाव लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. माझं कुणी कब्सवालं नव्हतं, तरी हात थरथरला.

तुम्हाला ती भिंत हवी आणि काकांची घडी नको. दोन्ही एकाच दुकानात मिळतं साहेब.

----

निळीटोपी | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

भिंतीवर माझ्याही शेजाऱ्याचं नाव आहे, म्हणजे होतं, पावसाने गेलं. पण भिंतीने कुणाला ग्रुपमधून बाहेर काढलं नाही. शाप मानायचा तर माना, तो जिवंत माणसाच्या गळ्यात कशाला बांधता?

----

गणिती | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

कोरडं बोलतो, राग नको. बेसबॉलमध्ये दहातून तीनदा हिट मारणारा उत्तम बॅटर. म्हणजे उत्तम माणूसही सातदा हात हलवत परततो. सीझन १६२ मॅचचा. २०१६ ची तुमची विजेती टीमसुद्धा ५८ वेळा हरली होती. अशा खेळात पाच मॅचच्या सीरिजवरून कुणाची लायकी ठरवणं म्हणजे पाचदा नाणं उडवून ते खोटं ठरवणं.

आणि ब्रुअर्सनी यंदा ९७ जिंकल्या होत्या, सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त. ते तुमच्यापेक्षा थोडे बरे होते आणि थोड्याने जिंकले. शेवटच्या मॅचमध्ये चार हिट मिळाले तुम्हाला, चार! कोल्हापूरचा यात संबंध कुठे येतो?

क्रिकेटमधून आलेल्यांना हे पचत नाही असं माझं निरीक्षण आहे. आपल्याकडे एक मॅच म्हणजे इभ्रत. एप्रिलमध्ये मंगळवारी दुपारी हरले तरी आपली माणसं तोंड पाडून बसतात.

----

फिलीकर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

आम्हाला बोलू द्या हो, यात आमचा हातखंडा आहे. प्रोफेशनल खेळांत दहा हजार मॅच हरणारी पहिली टीम आमची फिलीज, २००७ मध्ये. आणि हुर्यो करण्यात फिलाडेल्फियाचा हात कोण धरणार?

पण एक उलटी गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये ट्रे टर्नर आला, ११ वर्षं, ३० कोटी डॉलर. आणि चालेचना. ऑगस्टपर्यंत लोकांनी त्याचं जिणं हराम केलं. मग शहरातल्या कुणीतरी टूम काढली की हुर्यो पुरे, या शुक्रवारी तो बॅटिंगला आला की उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मला वाटलं, फिलीत? शक्यच नाही. पण अख्खं स्टेडियम उभं राहिलं! त्यानंतर तो जो सुटला तो सीझन संपेपर्यंत थांबला नाही. शहरात आभाराची होर्डिंग लावली त्याने.

गणिती म्हणतील, योगायोग, सरासरी वर येणारच होती. मान्य. टाळ्याही बिनबुडाच्याच होत्या. पण मी त्या रात्री जेवढा मोठ्याने ओरडलो तेवढा कधी ओरडलो नव्हतो.

अवांतर: परवा, ९ तारखेला, आमच्या पोराने अकराव्या इनिंगमध्ये हातात आलेला बॉल पहिल्या बेसऐवजी होमकडे फेकला, तोही वाकडा, आणि डॉजर्सनी आम्हाला घरी पाठवलं. त्याला २००३ वाल्यासारखं वागवू नका म्हणून मी तीन दिवस लोकांशी भांडतोय. माझाच मुलगा माझ्याशी बोलत नाहीये.

----

शेजारी_पाजारी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५५

बराच वेळ गप्प होतो. मी त्या कोजागिरीला हजर होतो, त्यामुळे नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो.

१. काका चार वेळा उठले. दोनदा दुधासाठी, दोनदा मधुमेहामुळे.
२. "तू उठलीस ना!" हे वाक्य कोण म्हणालं ते धागाकर्त्याने लिहिलेलं नाही. कुणाला अंदाज?
३. धागाकर्त्याच्या आयडीतली ती निळी टोपी २०१६ पासून धुतलेली नाही. त्याच्या घरच्या वहिनींनी ती गॅरेजमध्ये ठेवायची अट घातली आहे.

----

मी_फक्त_वाचते | १३ ऑक्टोबर, रात्री १०:०२

अगं बाई.

----

सॉक्सवाली | १३ ऑक्टोबर, रात्री १०:०४

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

----

निळीटोपी | १३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

हो, मीच म्हणालो.

गमतीत म्हणालो, असं लिहून खोडलं. वॉनच्या बॅटवरून बॉल सुटला तेव्हा माझी नजर टीव्हीवरून थेट स्वयंपाकघराकडे गेली, ही खरी गोष्ट. विचार करायला वेळच नव्हता, तोंडातून निघून गेलं. मग काकांनी धरलं, मग सगळ्यांनी. चौथ्या इनिंगला मी तिची बाजू घेतली ती त्याचीच भरपाई होती, पण तोवर गोष्ट माझ्या हातात राहिली नव्हती. नवऱ्याला मेसेज मी पाठवला नाही. पाठवू नका असंही म्हणालो नाही. बुधवारी ४-३ झाल्यावर एक क्षण वाटलंही, की बरं झालं.

आणि टोपी धुवायची नसते. ती लोकर आहे.

----

गणिती | १३ ऑक्टोबर, रात्री ११:२६

टोपी पॉलिएस्टरची असते हो आता.

----

तिरपा_डोळा | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

लिहिलंत हे बरं केलंत. आता इथे आमच्यापुढे कबुली देऊन काय उपयोग? तिला फोन करा.

----

जुना_आयआयटीवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आज १४ ऑक्टोबर. २०१७ मध्ये कब्सनी त्या माणसाला बोलावून विजेत्यांची अंगठी दिली, खेळाडूंना देतात तशीच. चौदा वर्षं लागली. तुम्ही आठवड्यात उरका.

----

निळीटोपी | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

केला फोन. आधी बायको बोलली, मग माझ्या हातात फोन दिला. मी म्हटलं, अगं, चुकलं माझं. ती म्हणाली, "अहो दादा, कब्सचं मला काही नाही, मला अजून नीट कळतही नाही. पण मंगळवारी यांनी मला खरंच विचारलं, की उद्या मॅचच्या वेळी तू देवळात जाऊन येतेस का. मी गेले. गाडी चालवता येत नाही अजून, उबर करून गेले."

यावर मला काही बोलता आलं नाही.

फराळाला या म्हटलं. येते म्हणाली, टीव्ही बंद असेल तर. कबूल केलं. काकांनाही सांगितलं, ते "बरं" म्हणाले, हे "बरं" कुठल्या सुरातलं ते दिवाळीतच कळेल. तर रविवारी १९ तारखेला दुपारी बारा वाजता आमच्याकडे फराळ. शिकागोच्या आसपासचे जे इथे आहेत त्यांनी जरूर यावं, चकल्या विकतच्या नाहीत.

----

शेजारी_पाजारी | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५२

रविवारी बारा वाजता? शिकागो बेअर्सची फुटबॉल मॅच आहे तेव्हा.